गावकीचा स्टँपपेपर पुढे आला असताना: घटस्फोटाआधीच्या प्रश्नांना एका वकिलाचे उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई गुहागर तालुक्यातील आहेत. लग्न हिंदू पद्धतीने होऊन सहा वर्षे झाली, मुलगी चार वर्षांची आहे, सासर राजापूर तालुक्यात आणि पतीची खासगी नोकरी मुंबईत आहे. दोघांचा शेवटचा एकत्र संसार नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत होता. गेले आठ महिने ताई मुलीसह माहेरी राहत आहेत. आता सासरच्या वाडीतील मंडळी आणि त्यांचे स्वतःचे मामा मिळून त्यांना सांगत आहेत की, पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी करून मोकळे व्हा, कोर्टाची पायरी कशाला चढता. ही सोडचिठ्ठी चालते का, घर सोडून आल्याने हक्क गेले का, सासूकडे असलेले दागिने मिळतील का, हापूसच्या कलमांच्या बागेत वाटा आहे का, मुलगी कोणाकडे राहील आणि घटस्फोटाला किती काळ लागेल, असे त्यांचे प्रश्न आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यातील न्यायालयांत मी बरीच वर्षे कौटुंबिक दावे चालवत आहे, त्या अनुभवावरून लिहितो. ताई, तुम्ही सहा प्रश्न विचारले असले तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे, ती म्हणजे कोणती गोष्ट आधी करायची. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक ‘घटस्फोट हवा’ या वाक्यापासून सुरुवात करतात. प्रत्यक्षात हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश, सर्वांत शेवटी येतो, आणि तो येईपर्यंत मुलीचे दूध, शाळा, औषधपाणी आणि तुमचा चरितार्थ थांबून राहत नाही. म्हणून माझ्या मते पोटगी, स्त्रीधन आणि मुलीचा ताबा यांची व्यवस्था आधी लावावी आणि घटस्फोटाचा निर्णय त्यानंतर, शांतपणे घ्यावा. तुम्हाला पुढे केला गेलेला स्टँपपेपर हा क्रम नेमका उलटा करतो.

पुढील विवेचन हिंदू विवाह कायदा, १९५५ ला धरून आहे. नोंदणी पद्धतीने विवाह झालेल्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा, ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा आणि मुस्लिम स्त्रियांना १९३९ चा विवाहविच्छेद कायदा लागू होतो. तेथे घटस्फोटाची कारणे आणि मुदती वेगळ्या आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा मात्र कोणत्याही धर्माच्या स्त्रीला उपलब्ध आहे.

स्टँपपेपरचा मुद्दा आधी घेतो, कारण तुमच्यावर दबाव त्याचाच आहे. हिंदू विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. नोटरीचा शिक्का, पंचांच्या सह्या, तंटामुक्त समितीचा ठराव किंवा गावकीच्या बैठकीचे इतिवृत्त यांपैकी कशानेही तो संपत नाही. कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाला जागा ठेवलेली आहे. त्यामुळे काही समाजांतील काडीमोडीची प्रथा आजही न्यायालयात सांगितली जाते. परंतु अशी रूढी त्या समाजात प्राचीन काळापासून अखंडपणे पाळली जाते, हे तिचा आधार घेणाऱ्यालाच पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि ‘आमच्यात असेच करतात’ एवढ्याने ते सिद्ध होत नाही. अशा कागदाच्या भरवशावर तुमच्या पतींनी दुसरे लग्न केले, तर ते लग्न कायद्याने शून्य ठरेल आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हा होईल. तुम्ही पुनर्विवाह केलात तर हेच सारे तुम्हालाही लागू होईल.

याहून मोठा धोका त्या कागदातील मजकुरात असतो. अशा कागदांत ‘उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत’, ‘पोटगी मागणार नाही’ आणि ‘दागिने व भांडी मिळून पावली’ ही तीन वाक्ये जवळजवळ ठरलेली असतात. पोटगी देणारे जे फौजदारी कलम पूर्वी १२५ म्हणून ओळखले जाई आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले, त्यात अशी तरतूद आहे की पती-पत्नी परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही. म्हणजे ज्या कागदाने लग्न मोडत नाही, तोच कागद तुमच्या पोटगीच्या आड येऊ शकतो. हक्क सोडल्याचे लिहून दिले म्हणून न्यायालय त्याने बांधले जातेच असे नाही, आणि मुलीची पोटगी तर आईला सोडून देताच येत नाही. तरीही तुमची सही असलेला कागद समोरचा वकील पहिल्याच तारखेला हजर करतो, आणि मग ती सही कोणत्या परिस्थितीत झाली हे सिद्ध करण्यात वर्ष-दीड वर्ष जाते. न मिळालेल्या दागिन्यांची पावती लिहून देणे तर सर्वांत महागात पडते. मामांचा हेतू चांगलाच असेल. त्यांना एवढेच सांगावे की, जे ठरवायचे ते ठरवू, पण ते न्यायालयापुढे मांडण्याच्या संमतीपत्रात लिहू.

माहेरी आल्याने हक्क गेला का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, मात्र त्याला एक अट जोडलेली आहे. तुम्ही का आलात, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. मारहाण, उपासमार, सततचा अपमान, पतीचे व्यसन किंवा खर्चच न देणे ही सबळ कारणे आहेत. पती पुढे ‘परित्याग’ या कारणावर घटस्फोट मागू शकतात, पण त्यासाठी सलग दोन वर्षे आणि विनाकारण, नांदण्याचा इरादाच सोडून दिलेला असावा लागतो. नुसते अंतर पुरत नाही. तसे असते तर चाकरमानी आणि बोटीवर जाणाऱ्या खलाशांच्या या किनारपट्टीवर अर्धे संसार परित्यक्त ठरले असते.

येथे एक सावधगिरी सांगतो. अनेकदा पतीच्या वकिलाकडून ‘नांदावयास या’ अशी रजिस्टर नोटीस येते. पोस्टमन दारात आल्यावर ‘घेऊ नको’ असा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक वाडीत असतात. पाकीट नाकारले तरी नोटीस बजावली गेली असे कायदा सामान्यतः धरून चालतो. उत्तर मात्र द्यायचे राहून जाते. नोटीस घ्यावी आणि आपण का आलो, कोणत्या अटींवर परत येण्यास तयार आहोत किंवा का तयार नाही, हे वकिलामार्फत लेखी कळवावे. त्यानंतर पतींनी कलम ९ खाली नांदण्यासाठी दावा केला आणि हुकूमनामाही मिळवला, तरी कोणी तुम्हाला हाताला धरून सासरी नेऊ शकत नाही. एक वर्ष त्याचे पालन झाले नाही तर ते घटस्फोटाचे कारण होते, एवढेच. आणि अशा हुकूमनाम्यानंतरही न जाण्याला सबळ कारण असेल तर पत्नीची पोटगी आपोआप थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता कोठे आणि काय दाखल करावे. पोटगीचा अर्ज तसेच कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालील अर्ज तुम्ही राहता त्या भागातील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो. राजापूरला किंवा नालासोपाऱ्यासाठी असलेल्या वसईच्या न्यायालयात जावे लागत नाही. या दुसऱ्या अर्जात संरक्षण, राहण्याची सोय, खर्च आणि स्त्रीधनाची परतफेड हे सर्व एकत्र मागता येते. म्हणून तुमच्यासारख्या प्रकरणात मी बहुधा त्यापासूनच सुरुवात करतो. पोटगी एकाहून अधिक कायद्यांखाली मागता येते, परंतु आधी मिळालेली रक्कम नंतरच्या अर्जात सांगावी लागते आणि ती वळती होते. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ लागतो, म्हणूनच तो आज करावा, सहा महिन्यांनी करू नये.

किती पोटगी मिळेल याचे ठराविक कोष्टक नाही. पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के हा आकडा लोकांच्या तोंडी आहे. तो २०१७ च्या एका निकालात आला असला तरी प्रत्येक ठिकाणी लागू होणारा तो नियम नव्हे. खरा प्रश्न उत्पन्न सिद्ध करण्याचा असतो. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोन्ही पक्षांना आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्जे आणि खर्च शपथपत्रावर सांगावे लागतात, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे त्याच निकालात ठरले आहे. तरीही ‘पगार बारा हजार, तोही रोखीने’ असे सांगणारे पती मी नेहमी पाहतो. तुमच्या सासरी हापूसची कलमे आहेत असे तुम्ही लिहिले आहे. बाग कराराने दिलेली असेल तर ते करारपत्र, स्वतः माल पाठवत असतील तर वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), बँकेत मे-जूनच्या सुमारास जमा होणाऱ्या रकमा आणि पीककर्जाची कागदपत्रे यांवरून उत्पन्नाचा अंदाज न्यायालयापुढे ठेवता येतो. एका वर्षी मोहोर जळाला म्हणून उत्पन्न शून्य, हा बचाव टिकू नये यासाठी दोन-तीन हंगामांचे कागद मागवण्याचा अर्ज करावा.

बागेतील वाट्याबद्दल मात्र स्पष्टच लिहिले पाहिजे, कारण येथे गैरसमज फार आहेत. घटस्फोट झाला म्हणून पत्नीला पतीच्या वडिलोपार्जित जमिनीत निम्मा किंवा कोणताही हिस्सा मिळत नाही, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव चढत नाही. तिला पोटगी मिळते, आणि कायम पोटगी ठरवताना न्यायालय पतीचा त्या जमिनीतील हिस्सा विचारात घेते. कलम २५ खाली त्या पोटगीचा बोजाही पतीच्या स्थावर मिळकतीवर ठेवता येतो, आणि हा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. तुमच्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. मिळकत खरोखर एकत्र कुटुंबाची असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी आहे, आणि आईवडिलांच्या घटस्फोटाने तिचा हा हक्क जात नाही. कोणतीही तडजोड करताना ‘मुलीचा कोणताही हक्क राहिला नाही’ असे वाक्य मसुद्यात घुसवले जाते. ते खोडून टाकावे.

आणखी एक प्रकार आमच्याकडे सर्रास घडतो. पोटगीच्या अर्जाची नोटीस घरी पोहोचली की पती आपल्या भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देतो आणि ‘माझ्या नावावर काही नाही’ असे सांगतो. म्हणून अर्ज दाखल करण्यापूर्वीच सासरच्या गटांचे सातबारा आणि ८अ उतारे, तसेच घराचा असेसमेंटचा उतारा काढून ठेवावा, आणि नंतरही फेरफारांवर लक्ष ठेवावे. विनामोबदला केलेल्या अशा हस्तांतराला आव्हान देता येते, पण त्यासाठी आधीची स्थिती दाखवणारा उतारा हाती असावा लागतो. घरी बसूनही हे उतारे ऑनलाइन पाहता येतात. खटल्यासाठी मात्र तलाठ्याकडील किंवा डिजिटल स्वाक्षरी असलेली प्रत घ्यावी.

दागिन्यांचे उत्तर सोपे आहे, पुरावा अवघड आहे. माहेरून, सासरहून किंवा पाहुण्यांकडून तुम्हाला मिळालेल्या वस्तू हे तुमचे स्त्रीधन आहे आणि सासूबाई त्या केवळ सांभाळत होत्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ पासून वारंवार सांगितले आहे. ठुशी, पाटल्या, बांगड्या, मुलीच्या बारशाची चांदी अशी एकेक वस्तू, वजन आणि ती कोणी दिली हे लिहून यादी करावी. लग्नाच्या अल्बममधील फोटो, सोनाराच्या पावत्या आणि खरेदीला बरोबर असलेल्या नातेवाइकांची नावे तिला जोडावीत. आकडा फुगवू नये. चाळीस तोळे लिहिले आणि फोटोत दहा तोळेच दिसले की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही न्यायाधीशांचा विश्वास उडतो.

मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत तिचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात म्हटले आहे, आणि त्यानंतरही मुलीचे हित हीच कसोटी असते. पतीचा पगार जास्त आहे एवढ्याने ताबा त्यांच्याकडे जात नाही. तुम्ही नोकरी करत नसाल तर त्याचे उत्तर पोटगी हे आहे. मात्र वडिलांना भेटू न देणे हे हत्यार म्हणून वापरू नये. ज्या आईने भेटी अडवल्या तिच्याविरुद्ध न्यायालयाचे मत होताना मी पाहिले आहे. भेटींचे वेळापत्रक लिहिताना ‘सणासुदीला’ असा मोघम शब्द ठेवू नये, कारण कोकणात सारे भांडण गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी याच दिवसांचे असते. कोणत्या वर्षी गणपतीत मुलगी कोणाच्या घरी, तिला कोणत्या स्थानकावर कोण आणून सोडेल, इतके स्पष्ट लिहावे.

फौजदारी तक्रारीविषयी थोडक्यात. क्रूरतेचे पूर्वीचे कलम ४९८अ आता न्याय संहितेत कलम ८५ झाले आहे. मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणी करून तक्रार जरूर करावी. परंतु तडजोडीसाठी दबाव म्हणून ती करू नये, आणि मुंबईत वेगळे राहणाऱ्या नणंदेपासून चुलतसासऱ्यांपर्यंत सर्वांची नावे घालू नयेत. अशा सरसकट आरोपांबद्दल न्यायालये आता फार कडक झाली आहेत, आणि त्यात खरा मुद्दा बुडतो. फोनवरील संदेश किंवा संभाषणाचे ध्वनिमुद्रण असेल तर मूळ फोन विकू नये. पती-पत्नीमधील गुप्तपणे मुद्रित केलेले संभाषणही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून वाचता येते, असा निकाल जुलै २०२५ मध्ये आला आहे.

आता घटस्फोटाकडे येऊ. ‘आमचे पटत नाही’ हे कलम १३ मधील कारण नाही. क्रूरता, परित्याग, व्यभिचार, धर्मांतर अशी ठराविक कारणे सिद्ध करावी लागतात. लग्न कायमचे तुटले आहे एवढ्याच कारणावर विवाह संपवण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली केवळ सर्वोच्च न्यायालयाला आहे. दोघांची संमती असेल तर कलम १३ब चा मार्ग मोकळा आहे, परंतु त्यासाठी अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. तुम्हाला आठ महिने झाले आहेत, म्हणजे आणखी चार महिने तो अर्ज करताच येणार नाही. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबावे लागते. अर्ज करतेवेळी वेगळे राहून दीड वर्ष झाले असेल आणि पोटगी, ताबा वगैरे सर्व बाबी खरोखर मिटलेल्या असतील, तर ही सहा महिन्यांची मुदत न्यायालय २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार माफ करू शकते. एकाच छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून संबंध नसतील तर तेही वेगळे राहणे मानले जाते. तुमच्या बाबतीत हा वाद नाही, पण वाडीतील एकाच घरात दोन चुली झालेल्या जोडप्यांना याचा उपयोग होतो.

संमतीच्या अर्जात मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: पैसे आणि दागिने हुकूमनाम्यापूर्वी हातात आले पाहिजेत. काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेली शेवटच्या जबाबाच्या दिवशी, न्यायालयासमोर, डिमांड ड्राफ्टने घ्यावी. पुढील तारखेचे धनादेश घेऊ नयेत. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते, हेही लक्षात ठेवावे. मुलीसाठीची रक्कम तिच्या नावे मुदत ठेवीत टाकून त्याची पावती संमतीपत्राला जोडावी.

संमती नसेल तर दावा लढवावा लागतो. तो तुम्ही तुमच्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात दाखल करू शकता. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ही सोय मिळाली आहे. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही तेथे असा दावा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो, आणि ते न्यायालय तालुक्याच्या गावी नसून बाजूच्या मोठ्या गावी असू शकते. पतींनी आधीच वसईला दावा लावला, तर तो तुमच्याकडे वर्ग करून घेण्याचा अर्ज करता येतो. लहान मूल आणि प्रवासाची अडचण या कारणांवर न्यायालये बहुधा पत्नीची सोय पाहतात. निकाल सहा महिन्यांत द्यावा असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात समुपदेशन, मध्यस्थी, जबाब आणि उलटतपास धरून दोन-तीन वर्षे तरी मनात धरून चालावे, आणि अपील झाले तर त्याहून अधिक.

खर्चाची चिंता तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणारच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीत साधा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालय शुल्कही माफ आहे. लग्नाची नोंदणी झालेली नसेल म्हणून घाबरू नये. पत्रिका, फोटो, भटजींचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला यांवरून विवाह सिद्ध होतो. आणि ‘दोघांचा मिळून एकच वकील’ ही सूचना आली, तर संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते दुसऱ्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावे.

हुकूमनामा झाल्यावर अपिलाची मुदत ९० दिवसांची असते. लढवलेल्या दाव्यात ती उलटल्याशिवाय आणि अपील दाखल नसल्याची खात्री केल्याशिवाय कोणीही पुनर्विवाह करू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून उच्च न्यायालयात जायचे तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जावे लागते. हुकूमनाम्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच काढाव्यात, कारण रेशनकार्ड, बँक, पारपत्र आणि मुलीची शाळा यांना त्या लागतात. विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि बँक खात्यांवरील नामनिर्देशनेही त्याच आठवड्यात बदलून घ्यावीत. ती घटस्फोटाने आपोआप बदलतील असे गृहीत धरू नये.